दोन्हीकडचा

काल दुपारी जेवण झाल्यावर पाच मिनिटं म्हणून मोबाईल हातात घेतला, तर त्याने समोर आणून टाकली २००९च्या चॅम्पियन्स लीगची, म्हणजे देशोदेशीच्या लीगमधल्या टीमच्या टी-ट्वेंटी क्रिकेट स्पर्धेची मॅच, त्रिनिदाद-टोबॅगो विरुद्ध न्यू साउथ वेल्स. त्रिनिदादचा पोलार्ड तेव्हा कोवळाच होता, दांडगा पण कोवळा, आणि त्याने १८ बॉलमध्ये ५४ नॉट आउट ठोकले होते. पाच मिनिटांचा अर्धा तास झाला हे वेगळं सांगायला नको. पुढे फायनलला हेच दोघे परत भेटले आणि कप न्यू साउथ वेल्सने नेला, पण ते कुणाच्या लक्षात आहे.

ती स्पर्धा मला आवडायची बुवा. कशाचा कशाला मेळ नाही. न्यू साउथ वेल्स म्हणजे ऑस्ट्रेलियातलं एक राज्य, त्रिनिदाद-टोबॅगो म्हणजे आख्खा देश पण क्रिकेटमध्ये वेस्ट इंडिजचा तुकडा, आणि आपल्या आयपीएलच्या टीम म्हणजे नावापुरतं शहर, बाकी जगभरचे खेळाडू. मग व्हायचं काय, की एकच माणूस दोन-दोन टीममधून पात्र ठरायचा! त्याने एक टीम निवडायची, आणि घरची सोडून आयपीएलवाली निवडली तर घरच्यांना नुकसानभरपाई. म्हणजे पोरगा गेला पण पाकीट आलं.

हा नियम वाचला तेव्हाच मला आमचा 'कॉमन' आठवला होता.

कॉमन म्हणजे कच्चा लिंबू नव्हे, हे आधीच सांगतो, कारण तो अपमान मी अजून विसरलेलो नाही. पोरं अकरा जमली की पाच-पाच व्हायची आणि उरायचो मी, दर वेळी मीच, कारण चष्मा होता. कॉमनला दोन्हीकडून बॅटिंग, पण सगळ्यात शेवटी, म्हणजे बऱ्याचदा येतच नसे. बॉलिंग नाही. फिल्डिंग मात्र दोन्ही इनिंगला. आणि कॅच घेतला की बॅटिंगवाले अंगावर येणार, ए तू आमचा ना रे? सोडला की बॉलिंगवाले, मुद्दाम सोडलास! एकदा तर खरंच मुद्दाम सोडला होता, पण ते जाऊ दे. जिंकलं कुणीही तरी मी जिंकलेलोच असायचो आणि हरलेलोही, आणि घरी विचारलं की काय सांगायचं ते कळायचं नाही.

तर २०१३. दिल्लीत सेमीफायनल, मुंबई इंडियन्स विरुद्ध त्रिनिदाद-टोबॅगो. पोलार्ड मुंबईकडून. समोर त्याच्याच देशाची पोरं, त्यात बॉलर नरीन, जो आयपीएलमध्ये कोलकात्याचा, पण कोलकाता त्या वर्षी पात्रच ठरलं नव्हतं म्हणून तो आपला घरच्या टीममध्ये. नरीनने तीन विकेट काढल्या तरी मुंबई जिंकली, दुसऱ्या दिवशी फायनलही जिंकली. त्याच फायनलनंतर तेंडुलकर आणि द्रविड दोघांचंही टी-ट्वेंटी संपलं, त्यामुळे बाकीचं सगळं त्यात बुडालं.

मी मात्र सेमीफायनल बघताना सारखा पोलार्डकडे बघत होतो. कॅच आला तर? त्रिनिदादचा एखादा पोरगा जाता जाता पुटपुटला असेल का, ए तू आमचा ना रे?

२०१५मध्ये ती स्पर्धाच बंद करून टाकली, लोक बघत नाहीत म्हणून. आता तर लीगांचा नुसता सुकाळ आहे, एकच खेळाडू वर्षात चार-पाच देशांत चार-पाच रंगांचे कपडे घालतो आणि त्याला कुणी काही विचारत नाही. सगळेच कॉमन.

फरक एवढाच, की त्यांना त्याचे पैसे मिळतात. मला गटारात गेलेला बॉल काढायला पाठवायचे. दोन्ही टीमचा होतो ना.