प्रागमधला एक दिवस, कौडेल्कासाठी

प्रागला गेल्यावर कॅसल, चार्ल्स ब्रिज वगैरे सगळं झालंच, पण एक अख्खा दिवस मी चेक फोटोग्राफर योसेफ कौडेल्कासाठी बाजूला काढला होता. सकाळीच वात्स्लाव चौकात पोचलो. त्याचा तो फोटो आठवतो का, पुढे एका माणसाचं मनगट, त्यावर घड्याळ आणि मागे हा एवढा मोठा चौक रिकामा? चौक म्हणतात पण आहे लांबलचक रस्ताच, आता दोन्ही बाजूंना दुकानं नि हॉटेलं, आणि वरच्या टोकाला नॅशनल म्युझियम, ज्याच्या खांबांवर १९६८ च्या सोव्हिएत आक्रमणातल्या गोळ्यांच्या खुणा अजून दिसतात. मी बराच वेळ तिथेच उभा होतो.

हा माणूस मुळात विमानाचा इंजिनिअर, १९६७ पर्यंत नोकरी करत होता आणि सोबत नाटकांचे आणि रोमा म्हणजे जिप्सी लोकांच्या वस्त्यांमधले फोटो काढायचा. रोमा लोकांचे फोटो काढूनच तो रोमानियाहून परतला आणि एक-दोन दिवसांतच सोव्हिएत रणगाडे शहरात घुसले. बातमीचे फोटो त्याने त्याआधी कधी काढलेच नव्हते! तरी कॅमेरा घेऊन थेट रस्त्यावर.

म्युझियमपासून पाच-सात मिनिटं चाललं की विनोहराद्स्का रस्त्यावर रेडिओची बिल्डिंग लागते. सैनिकांना रेडिओ बंद पाडायचा होता आणि लोक नुसत्या हातांनी आडवे आले, कितीतरी जण इथेच गेले. भिंतीवर त्यांच्या आठवणीची पाटी आहे. समोरून ट्राम जात होत्या, लोक ऑफिसला चालले होते, आणि मला मात्र डोळ्यासमोर तेच फोटो, रणगाड्यावरच्या पोरसवदा सैनिकाशी जीव तोडून बोलणारी माणसं.

निगेटिव्ह चोरून देशाबाहेर गेल्या, मॅग्नम या फोटो एजन्सीमार्फत १९६९ मध्ये फोटो जगभर छापून आले, पण खाली नाव फक्त 'पी. पी.', म्हणजे प्रागचा फोटोग्राफर. घरच्यांना त्रास होऊ नये म्हणून. रॉबर्ट कापा गोल्ड मेडल हा फोटो-पत्रकारितेतला पुरस्कारसुद्धा निनावीच मिळाला. १९७० मध्ये त्याने देश सोडला आणि मग कितीतरी वर्षं कुठल्याच देशाचा नागरिक नसलेला हा माणूस स्लीपिंग बॅग घेऊन युरोपभर हिंडत फोटो काढत राहिला. फोटोंवर नाव आलं ते १९८४ मध्ये, तोवर त्याचे वडील वारले होते. हे मला त्या पाटीसमोर उभं राहून आठवलं आणि खरंच गलबलून आलं.

पुढच्या वेळी बोस्कोवित्सेला जायचंय, मोरावियात ब्रनोच्या उत्तरेला, त्याचा जन्म तिथलाच.