आई-बाबांचा लांबचा विमानप्रवास आणि प्रीमियम इकॉनॉमीची सीट

यवतमाळ, वाशीम, वर्धा, बुलढाण्याच्या गावांतून आता दरवर्षी कितीतरी साठी-सत्तरीतले आई-बाबा पहिल्यांदाच परदेशी निघतात. मुलगा अमेरिकेत, नाहीतर मुलगी जर्मनीत. घरात बाळ यायचं असतं आणि तिकीट तिकडूनच काढलं जातं. तेव्हा एक प्रश्न हमखास पडतो. साध्या इकॉनॉमीच्या साधारण दीडपट ते दुप्पट पैसे मोजून प्रीमियम इकॉनॉमी, म्हणजे साधी इकॉनॉमी आणि बिझनेस यांच्या मधला वर्ग, घ्यावी का? गुडघे दुखत असतील आणि सलग १४-१६ तास बसायचं असेल, तर आमचं उत्तर आहे, घ्यावी. पण त्या पैशांत गुडघ्यांना आणि कोपरांना जागा मिळते, पलंग मिळत नाही. शिवाय वर्गाचं नाव तेच असलं तरी सीट कंपनीगणिक आणि विमानागणिक बदलते. म्हणून नावावर न जाता सीट बघून पैसे द्यावेत.

फरक किती, ते घरीच मोजता येतं. एक खुर्ची भिंतीला पाठ टेकवून ठेवा. भिंतीपासून ३१ इंचांवर लोखंडी पेटी किंवा लाकडी फळी उभी करा आणि बाबांना खुर्चीत बसवा. ही साधी इकॉनॉमी. बहुतेक कंपन्यांत हे अंतर ३० ते ३२ इंच असतं. आता फळी ३८ इंचांवर सरकवा. ही झाली प्रीमियम इकॉनॉमी. या मापाला पिच म्हणतात, म्हणजे एका सीटच्या पाठीपासून पुढच्या सीटच्या पाठीपर्यंतचं अंतर. त्यात सीटच्या पाठीची जाडीही धरलेली असते. विमानातल्या सीटची पाठ घरच्या खुर्चीपेक्षा जाड असते, त्यामुळे प्रत्यक्षात मिळणारी जागा दोनेक इंच कमीच समजा. ३१ इंचांत गुडघा काटकोनात दुमडून ठेवण्याखेरीज इलाज नसतो. ३८ इंचांत तो पुढे-मागे हलवता येतो, पाय तिरका करून लांबवता येतो. झिजलेल्या गुडघ्याला नेमकं हेच हवं असतं. एकाच कोनात तासन् तास राहिला की तो धरतो आणि उतरताना पाऊल उचलत नाही.

रुंदीचा फरक आकड्यात लहान दिसतो. साधी सीट १७ ते १८ इंच, प्रीमियम साडेअठरा ते साडेएकोणीस इंच. खरा फरक मधल्या आर्मरेस्टमुळे पडतो. प्रीमियममध्ये तो चांगला रुंद असतो, दोघांची कोपरं शेजारी मावतात. एक गोष्ट मात्र आई-बाबांना आधीच सांगून ठेवा: हा आर्मरेस्ट बहुधा वर उचलला जात नाही. साध्या इकॉनॉमीत शेजारची सीट रिकामी मिळाली तर आर्मरेस्ट उचलून आडवं होता येतं, ते इथे जमत नाही. मांडी घालून बसायची सवय असेल तर तीही साडेएकोणीस इंचांत पुरी होत नाही. एक पाय वर घेता येतो, दोन्ही नाही.

विमानात सीट कशा मांडल्या आहेत ते तिकीट काढण्याआधी बघा. बोइंग ७७७ मध्ये साधी इकॉनॉमी बहुतेक ठिकाणी ३-४-३ असते, म्हणजे एका रांगेत तीन सीट, वाट, चार सीट, वाट, तीन सीट; आणि प्रीमियम २-४-२. बोइंग ७८७ मध्ये साधी ३-३-३ आणि प्रीमियम २-३-२. एअर इंडियाच्या एअरबस ए३५० मध्ये प्रीमियमच्या फक्त २४ सीट आहेत, त्याही २-४-२. आई-बाबा दोघंच असतील तर खिडकीकडची दोनची जोडी घ्या. त्रयस्थ माणसाला उठवून बाथरूमला जायचा संकोच वाटला, की आपली माणसं पाणीच पीत नाहीत. दोनच्या जोडीत तो प्रश्नच उरत नाही. २४ सीट म्हणजे तीन रांगा, आणि जोड्या फक्त सहा. म्हणून तिकीट काढतानाच सीट नंबर पक्का करा, वेब चेक-इनवर सोडू नका.

पहिली रांग, जिच्यापुढे भिंत असते, ती मोकळी दिसते म्हणून लोक धावून घेतात. वयस्कांसाठी आम्ही ती सुचवत नाही. पुढे सीटच नसल्याने विमान चढता-उतरताना पर्स, औषधांची पिशवी, चष्मा सगळं वरच्या कप्प्यात ठेवावं लागतं. तान्ह्या बाळांचे पाळणेही त्याच भिंतीला लागतात. शेवटच्या रांगेत मागे भिंत असेल तर सीट पूर्ण मागे जाईल ना, हे सीटच्या नकाशावर तपासा. तीन रांगांच्या केबिनमध्ये मधली रांग डोळे मिटून घ्यावी.

सीट मागे किती झुकते तेही इंचातच सांगतात, म्हणजे पाठीचं वरचं टोक किती मागे जातं ते. एमिरेट्सची प्रीमियम सीट ८ इंच झुकते आणि पिच ४० इंच आहे. सध्या मिळणाऱ्यांतली ती ऐसपैस सीट. लुफ्थान्सा, ब्रिटिश एअरवेज, एअर इंडिया यांचं पिच ३८ इंचांच्या घरात आहे. ८ इंच म्हणजे घरच्या आरामखुर्चीइतपत कलणं. डुलकी लागते, गाढ झोप बहुतेकांना लागत नाही. आणि पुढचा माणूसही तेवढाच मागे येतो. तो पूर्ण झुकला की खिडकीकडच्या माणसाला बाहेर पडायला जागा उरत नाही. म्हणून ज्याला वारंवार उठावं लागतं, त्याला वाटेकडची सीट द्या.

आता ही सीट चालते कशी ते, कारण पहिल्यांदा बसणाऱ्याला यातलं निम्मं सापडतच नाही. आर्मरेस्टच्या आतल्या बाजूला किंवा वर बटणं असतात. एक दाबलं की पाठ मागे जाते, दुसऱ्याने पोटऱ्यांखालची पट्टी, म्हणजे लेगरेस्ट, वर येते. काही सीटना लेगरेस्ट नसतो. त्याऐवजी पुढच्या सीटखाली पाय ठेवायला आडवी दांडी असते, ती पायाने खाली ओढायची. जेवणाचा ट्रे पुढच्या सीटला दिसला नाही तर तो आर्मरेस्टच्या पोटात असतो. झाकण उघडून ट्रे सरळ वर ओढायचा, मांडीकडे पाडायचा आणि पुस्तकासारखा उघडायचा. तो जड असतो, आणि बोट बिजागरीत सापडू शकतं. विमान चढताना आणि उतरताना लेगरेस्ट आत आणि पाठ सरळ लागते. बटण दाबूनही लेगरेस्ट खाली जात नसेल तर बटण धरून ठेवून टाचांनी हलकेच रेटायचं. बाजूला लावलेला रिमोट मांडीने दाबला जाऊन सारखी हवाईसेविकेची घंटा वाजत असेल तर तो त्याच्या खाचेत उलटा बसवायचा.

उंचीचा मुद्दा आपल्याकडच्या बायांसाठी फार महत्त्वाचा आहे आणि त्याकडे कोणी बघत नाही. आईची उंची चार फूट दहा इंच असेल तर खोल सीटवर तिची पावलं जमिनीला टेकत नाहीत. मग सीटची कड मांडीखाली रुतते, पाय लोंबकळतात आणि सुजतात. तिच्यासाठी पिचपेक्षा पायांचा आधार जास्त कामाचा. पुढच्या सीटखालची दांडी तिच्या पायाला पुरणार नाही, म्हणून लेगरेस्ट असलेली सीट बघा. तोही नसेल तर हातातली पिशवी पावलांखाली घ्यायची आणि विमानातली उशी कंबरेमागे. पाठीला आधार मिळतो आणि बूड पुढे सरकतं. डोक्यामागचा आधार वर-खाली सरकतो. तो खाली ओढून त्याचे दोन्ही कान आत वळवले की मान एका बाजूला पडत नाही. तसाच वर राहिला तर डोकं पुढे ढकलतो आणि मान अवघडते.

सीट कितीही चांगली असली तरी हवा सगळ्या वर्गांत एकच. केबिनमधला दाब समुद्रसपाटीपासून ६,००० ते ८,००० फूट उंचीवर असावा तेवढा असतो. ७८७ आणि ए३५० मध्ये ६,००० च्या आसपास. म्हणजे ऑक्सिजन कमी आणि हवा अतिशय कोरडी. पूर्व विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण मोठं आहे, आणि सिकलसेलचा आजार असलेल्या माणसाला कमी ऑक्सिजन आणि शरीरातलं पाणी कमी होणं, दोन्ही त्रासदायक ठरू शकतं. घरात कोणाचा अहवाल असा असेल तर तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना विचारा. महागड्या सीटने त्यात काहीच बदलत नाही.

पायातल्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोकाही ४ तासांहून लांबच्या कुठल्याही बैठ्या प्रवासात वाढतो, फक्त स्वस्त सीटवर नव्हे. पोटरीचे स्नायू हलले की ते रक्त वर ढकलतात; हलले नाहीत की रक्त खाली साचतं. लेगरेस्टवर पाय टाकून सहा तास निपचित बसणं हेही बसणंच. आपल्या लोकांचं बसणं तर गावातूनच सुरू होतं. यवतमाळहून नागपूर दीडशे किलोमीटर, मग विमानतळावर थांबणं, मग दिल्ली किंवा मुंबई, आणि त्यानंतर खरा प्रवास. गाडी वाटेत थांबवून पाच मिनिटं चालू द्या. विमानात तासा-दोन तासांनी उठायचं, बसल्या जागी टाच-चवडा वर-खाली करत राहायचं. डॉक्टरांनी घट्ट मोजे सांगितले असतील तर त्यांचं माप सकाळी, सूज चढण्याआधी, घोट्याला आणि पोटरीला घ्या. मधुमेहाने पायांची संवेदना कमी झाली असेल किंवा पायांचा रक्तपुरवठा कमी असेल, तर विचारल्याशिवाय ते घालू नका. आणि एक रिकामी छोटी बाटली हातातल्या पिशवीत असू द्या. बहुतेक विमानांच्या बाथरूममध्ये कागदच असतो.

आता तिकिटाकडे. नागपूरहून कतार एअरवेजने दोहामार्गे जाणं आमच्या भागाला सगळ्यांत सोयीचं, पण कतारकडे प्रीमियम इकॉनॉमी हा वर्गच नाही. इकॉनॉमी किंवा थेट बिझनेस. प्रीमियम हवी असेल तर दिल्ली-मुंबईमार्गे जावं लागतं, म्हणजे आणखी एक चढ-उतार. गुडघ्यांसाठी सीट घ्यायची आणि मधल्या विमानतळावर त्याच गुडघ्यांना पळवायचं, असं होऊ देऊ नका. नागपूरपासून शेवटपर्यंत एकाच पीएनआरवर तिकीट काढा, म्हणजे बॅगा नागपूरला दिल्या की थेट तिकडेच घेता येतात. वेगवेगळी तिकिटं असतील तर बॅगा मध्येच सोडवून पुन्हा द्याव्या लागतात, शिवाय देशातल्या टप्प्याला साध्या तिकिटावर १५ किलोचीच मर्यादा असते. व्हीलचेअर आणि शाकाहारी जेवण आधीच नोंदवा. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीचं धुकं धरून मधे भरपूर वेळ ठेवा.

नावांनी फसायला होतं ते इथे. युनायटेडचं इकॉनॉमी प्लस म्हणजे साधीच सीट, फक्त पायांना थोडी जास्त जागा. त्यांची खरी प्रीमियम इकॉनॉमी म्हणजे प्रीमियम प्लस. डेल्टाची प्रीमियम सिलेक्ट. एअर इंडियाच्या देशांतर्गत छोट्या विमानांतही प्रीमियम इकॉनॉमी आहे, पण तिथे सीट ३-३ अशाच असतात, रुंदी वाढत नाही. तिकिटावर प्रत्येक टप्प्यासमोर वर्ग वेगळा लिहिलेला असतो. लांबचा टप्पा प्रीमियममध्ये आहे ना, तेवढं वाचून घ्या.

एकाच बाजूचे पैसे जमत असतील तर जातानाचे द्या. पश्चिमेकडे जाताना वारा समोरून असतो, प्रवास लांबतो. दिल्लीहून न्यूयॉर्कला जायला परतीपेक्षा जास्त वेळ लागतो, आणि पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केल्यापासून एअर इंडियाचा वेळ आणखी वाढला. मुंबई-लंडनसारख्या नऊ-दहा तासांच्या दिवसाच्या प्रवासाला मात्र गुडघे बरे असतील तर साध्या वर्गातली वाटेकडची सीट पुरते. वाचलेल्या पैशांत विमानतळाजवळ एक रात्र मुक्काम करा. शेवटच्या दिवसांत बोली लावून किंवा पैसे भरून वरचा वर्ग मिळवण्याची सोय बऱ्याच कंपन्या देतात, पण ती बोली टप्प्यानुसार असते आणि अनेकदा सामानाची मर्यादा मूळ तिकिटाचीच राहते.

विमान ऐनवेळी बदललं आणि प्रीमियमच्या तिकिटावर साध्या सीटवर बसवलं, तर गप्प बसू नका. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या १५ फेब्रुवारी २०२३ पासूनच्या नियमानुसार, असा वर्ग उतरवला तर ३,५०० किलोमीटरहून लांबच्या आंतरराष्ट्रीय टप्प्यासाठी करासह तिकिटाच्या ७५ टक्के रक्कम परत मिळते. १,५०० ते ३,५०० किलोमीटरला ५० टक्के, त्याहून कमी अंतराला ३० टक्के. युरोपीय कंपन्यांच्या युरोपकडे जाणाऱ्या विमानांना तिथला असाच नियम लागू आहे. काउंटरवरच वर्ग बदलल्याचं लेखी मागा, जुना आणि नवा असे दोन्ही बोर्डिंग पास जपून ठेवा, आणि वर्ग स्वखुशीने सोडल्याच्या कुठल्याही कागदावर आई-बाबांनी सही करू नये, हे त्यांना निघण्याआधी सांगा.