दोन पानांची चुगली

सोन्याचा भाव रोज छापून येतो, पण सोनं किती पातळ होऊ शकतं याची चर्चा सराफ कट्ट्यावरही होत नाही. एक ग्रॅम सोनं ठोकून ठोकून वर्ख केला, तर तो सहज अर्धा चौरस मीटर भरतो. जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढी. असल्या वर्खाच्या दोन अरुंद पट्ट्या पितळी दांडीच्या टोकाला चिकटवून काचेच्या भांड्यात सोडल्या की झाला सुवर्णपत्र विद्युतदर्शी, म्हणजे वस्तूवर विद्युत प्रभार आहे का ते दाखवणारं यंत्र. ‘सुबक आकृती काढून भागांना नावे द्या’ या प्रश्नापुरती आपली सगळ्यांची त्याच्याशी ओळख असते. हलताना तो फार थोड्यांनी पाहिलेला असतो.

आमच्या घरचा विद्युतदर्शी जॅमच्या बाटलीत आहे. झाकणाच्या जागी थर्माकोलची चकती, तिच्यातून आरपार गेलेली तांब्याची तार, वर तारेचंच वेटोळं, खाली आकडा. पट्ट्या आधी पोळ्या गुंडाळायच्या फॉइलच्या होत्या. पण ते फॉइल सोन्याच्या वर्खापेक्षा शंभरपटीहून जास्त जाड. पट्ट्या जेमतेम हलायच्या, तेही उपकार केल्यासारख्या. शेवटी बर्फीवर लावतात तो वर्ख आणला. तो कागदातून बाहेर काढून कापता येत नाही, कागदासकटच कात्री चालवावी लागते. पंखा बंद, दार बंद आणि तोंडही बंद. एक हसू फुटलं की पट्टी ओट्याखाली.

आता लोकरी कानटोपीवर पीव्हीसीचा पाइप घासायचा आणि वेटोळ्याजवळ आणायचा. टेकवायचा नाही, नुसता जवळ. पानं, म्हणजे त्या दोन पट्ट्या, लगेच फाकतात. मला या यंत्राचा हाच भाग सगळ्यात आवडतो. घासताना पाइपवर लोकरीतले इलेक्ट्रॉन आलेले असतात, म्हणजे त्याच्यावर ऋण प्रभार. तो तारेतल्या इलेक्ट्रॉनांना खाली ढकलतो, ते दोन्ही पानांत गोळा होतात, आणि दोन्हींवर सारखाच प्रभार आल्यामुळे पानं एकमेकांना दूर लोटतात. पाइप लांब नेला की सगळं जागच्या जागी. काही दिलं नाही, काही घेतलं नाही, तरी चुगली झाली!

पाइप जवळ असतानाच वेटोळ्याला बोट लावलं तर पानं मिटतात, कारण ढकललेले इलेक्ट्रॉन आपल्या अंगातून जमिनीकडे निघून जातात. मग आधी बोट काढायचं आणि नंतर पाइप. पानं पुन्हा उघडतात आणि उघडीच राहतात, कारण आता तिथे इलेक्ट्रॉनांची तूट आहे, म्हणजे धन प्रभार. क्रम उलटा झाला, पाइप आधी आणि बोट नंतर, तर हाती काहीच लागत नाही. पाहुण्यांना करून दाखवताना हे हमखास घडतं.

प्रभार आहे एवढंच पानं सांगतात, कोणता ते नाही. ते काढून घ्यायचं तर यंत्राला आधी ओळखीचा प्रभार द्यावा लागतो. मग अनोळखी वस्तू जवळ आणल्यावर पानं आणखी फाकली, तर वस्तूवर तोच प्रभार. मिटू लागली, तर मात्र घाई करू नये. विरुद्ध प्रभाराने ती मिटतात, तशीच नुसता रिकामा हात जवळ नेल्यानेही थोडी मिटतात. म्हणून दूर लोटणं ही खरी खूण. जवळ येण्यावर फारसा विश्वास नको.

हे यंत्र केलं ते अब्राहम बेनेट यांनी. इंग्लंडमधल्या डर्बीशायर परगण्यात वर्क्सवर्थ नावाचं गाव आहे, तिथले ते धर्मोपदेशक. 1787 मध्ये त्याचं वर्णन छापून आलं. त्याआधी दोऱ्याला टांगलेल्या झाडाच्या भेंडाच्या गोळ्या वापरत, पण गोळी हलवायला बराच प्रभार लागे. बेनेट यांनी भात्याने खडूची पूड उडवली, तरी त्यांची पानं हलत. प्रवचनांची तयारी ते केव्हा करत, कोण जाणे.

या यंत्राचा एक दोष सगळ्यांनाच छळायचा. कितीही चांगलं बूच लावा, पानं हळूहळू मिटतातच. हवेचे रेणू काहीतरी फोडतं, त्यांचे आयन, म्हणजे प्रभार असलेले कण, होतात आणि पानांवरचा प्रभार गळतो. (पेटती काडी जवळ नेली तर हेच झटपट होतं, करून पाहा.) पण काडी नसताना हवा कोण फोडतं? जमिनीतली किरणोत्सारी द्रव्यं, असं उत्तर निघालं. मग उंचावर गळती कमी व्हायला हवी. थिओडोर वुल्फ, हेही धर्मगुरूच, 1910 मध्ये आपलं यंत्र घेऊन आयफेल टॉवरवर चढले. त्यांच्या यंत्रात पानांच्या जागी बारीक तंतू होते. गळती घटली, पण अपेक्षेइतकी नाही. ऑगस्ट 1912 मध्ये व्हिक्टर हेस हायड्रोजनच्या फुग्यातून पाच किलोमीटरच्या वर गेले, तर तिथे गळती जमिनीवरच्यापेक्षा कितीतरी जास्त! किरण वरून येत होते. विश्वकिरणांच्या या शोधाला 1936 मध्ये नोबेल मिळालं. यंत्र नीट चालत नाही म्हणून इतकी वर्षं कुरकुर करणाऱ्यांपैकी कुणीतरी वर पाहायला हवं होतं, आणि यांनी पाहिलं.

आमच्या बाटलीतली पानं जुलैत मिनिटभरही उघडी राहत नाहीत, त्यात विश्वाचा काही हात नाही. दमट हवेत काचेवर, थर्माकोलवर आणि पाइपवरही पाण्याचा पापुद्रा बसतो, आणि प्रभार त्याच्यावरून निसटतो. पुण्याच्या कोरड्या थंडीत हेच यंत्र झकास चालतं. पावसाळ्यातच करून दाखवायची वेळ आली तर केस वाळवायचं मशीन आधी पाइपवर आणि बाटलीवरून फिरवावं, पण बाटलीच्या तोंडात वारा जाऊ देऊ नये. थर्माकोल गरम हवेने वाकतो आणि वर्ख पुन्हा विकत आणावा लागतो.