दहाच्या दहा शब्द बरोबर, पण यादी दुसरीच

बरेच महिने झाले तरी ती १२ मिनिटं डोक्यातून जात नाहीयेत, म्हणून लिहितेय.

मी बायकांच्या आंतरराष्ट्रीय रग्बी टीमची डॉक्टर आहे. मॅचच्या दिवशी माझं काम म्हणजे बॉल न बघणं. बॉल पुढे गेला की मागे कोण उशिरा उठतंय, कोण गवतावर हात टेकून थांबलंय, ते बघायचं.

आमची चार नंबरची खेळाडू, त्या जागेला लॉक म्हणतात. ४९वी आंतरराष्ट्रीय मॅच, पुढच्या आठवड्यात पन्नासावी. लाइनआउटचे कोड तीच द्यायची. बॉल बाजूच्या रेषेवरून आत फेकताना तो पुढे, मधे की मागे जाणार, कोणाला उचलायचं, हे सगळं त्या एका कोडमध्ये असतं आणि समोरच्या टीमला कळू नये म्हणून आम्ही ते दर मॅचला बदलतो. बाकीच्या आठवडाभर घोकतात, ती एकदा ऐकायची की झालं पाठ. अशी स्मरणशक्ती मी दुसऱ्या कुठल्याच खेळाडूत बघितली नाही.

सेकंड हाफमध्ये तिने टॅकल केला, समोरचीचं कंबरेचं हाड तिच्या कानशिलावर बसलं. लगेच उठली, धावायलाही लागली. पुढच्याच लाइनआउटला तिने कोड दिला आणि हुकर, म्हणजे बॉल आत फेकणारी, बॉल डोक्यावर धरून नुसती बघत राहिली, कारण तो मागच्या मॅचचा कोड होता. तेवढ्यात तिच्या दातांवरच्या माउथगार्डमधल्या, डोक्याला बसलेला धक्का मोजणाऱ्या सेन्सरचा अलर्टही माझ्या टॅबवर आला. मी तिला बाहेर काढलं. स्टँडमधून आरडाओरडा, चांगली उभी आहे की ती! २०२५ च्या बायकांच्या वर्ल्डकप फायनलला लंडनच्या ट्विकनममध्ये ८१,८८५ लोक आले होते, याचा मला मनापासून आनंद आहे, पण उभी आहे म्हणजे बरी आहे असं नसतं हे लोकांना कधी कळणार.

डोक्याच्या तपासणीला, म्हणजे एचआयएला, १२ मिनिटं मिळतात. तेवढ्यात कोचने तीनदा विचारलं, कधी येतेय. हा प्रश्न डॉक्टरला विचारूच नये. शेवटचा स्कोअर कोणी केला, बरोबर. आकडे उलटे म्हणून दाखवले, बरोबर. टाचेला बोट लावत रेषेवरून चालली, तेही वेळेत. दहा शब्द वाचून दाखवले, लगेच आठ सांगितले. मग बाकीचं उरकून तेच शब्द पुन्हा विचारले. ती कानावरची टेप सोडवत होती, ती सोडवता सोडवता दहाच्या दहा शब्द ओळीने म्हणाली, कुठेही अडखळली नाही.

त्यातला एकही मी वाचलेला नव्हता.

ती सीझनआधीच्या बेसलाइन टेस्टची यादी होती, म्हणजे नंतर तुलना करता यावी म्हणून धडधाकट असताना घेतो त्या टेस्टची. मी जुनं रेकॉर्ड उघडून एकेक शब्द ताडून पाहिला. आणि ती माझ्याकडे बघून विचारत होती, "झालं ना डॉक्टर? जाऊ?"

नाही सोडलं. किमान १२ दिवस बाहेर, म्हणजे पन्नासावी मॅच गेली. बसमध्ये माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

दोन दिवसांनी पुढची तपासणी झाली तेव्हा विचारलं, मुद्दाम पाठ केली होतीस का यादी? म्हणाली, "कशाला करेन? एकदा ऐकलं की राहतं माझ्या लक्षात, तुम्हाला माहितीय." मला ते पटतंही आणि नाहीही, कारण मार लागल्यावरचे मार्क घसरलेले दिसू नयेत म्हणून बेसलाइनला मुद्दाम कमी मार्क पाडून घेणाऱ्या खेळाडू असतात हे या कामातल्या सगळ्यांना माहीत आहे, आणि बायकांच्या रग्बीत कित्येक जणी अजून नोकरी सांभाळून खेळतात, एकेका मॅचसाठी किती सोसलेलं असतं ते मी रोज बघते, त्यामुळे केलं असतं तरी मी तिला दोष दिला नसता. राग येतो तो आमच्या पद्धतीचा. शब्दांच्या याद्या मोजक्याच, आणि त्याच फिरून फिरून वापरायच्या.

पण झोप उडते ती वेगळ्याच गोष्टीने. नेमकी तीच यादी त्या दिवशी माझ्या हातात असती तर तिला दहापैकी दहा मिळाले असते आणि मीच तिला सही करून परत मैदानात पाठवलं असतं. आणि त्या दिवशी यादी निवडताना मागच्या वेळी कुठली होती हे मी बघितलंच नव्हतं, जी आधी उघडली तीच वाचली.