एक आड एक

सोसायटीच्या मेंटेनन्सची यादी एक्सेलमध्ये करणारे दोन जातींचे असतात. पहिली जात ओळी हाताने रंगवते. एक ओळ पिवळी, एक सोडायची, पुढची पिवळी. दिसतं झकास. मग सेक्रेटरी म्हणतात, “थकबाकीप्रमाणे लावून द्या ना जरा.” सॉर्ट केलं की रंग आपापल्या फ्लॅटचं बोट धरून निघतो. वर सलग चार पिवळ्या, खाली सहा पांढऱ्या. सभेत एखादे काका हमखास विचारतात, “माझंच नाव पिवळं का?”

दुसरी जात कंडिशनल फॉरमॅटिंग लावते, म्हणजे अट जुळली तरच रंग भरण्याचा नियम. इथे रंग जागेचा असतो, माणसाचा नाही. ओळीच्या नंबराला दोनने भागा, बाकी शून्य उरली तर रंग भरा. मॉड बाकी काढतं, रो ओळीचा नंबर सांगतं, दोन फंक्शनांत काम संपलं. सम-विषम तारखेच्या पार्किंगसारखंच हे, गाडी कोणाची याच्याशी फलकाला देणंघेणं नाही. यादी कशीही उलटीपालटी करा, पट्टे हलत नाहीत.

गोची होते ती फिल्टर लावल्यावर. फक्त थकबाकीदार ठेवले आणि ते नेमके ५, ९, ११, १७ अशा ओळींत निघाले, की सगळं पांढरं फटक. ओळ लपली तरी तिचा नंबर जात नाही. मग रो सोडून सबटोटल घ्यायचं, म्हणजे पहिल्या ओळीपासून चालू ओळीपर्यंत जेवढ्या दिसतात तेवढ्याच मोजल्या जातात. त्यातला पहिल्या ओळीचा पत्ता डॉलरच्या चिन्हाने बांधून ठेवायचा म्हणजे तो जागचा हलत नाही, चालू ओळीचा मोकळा. हा अर्धा मोकळेपणा मला फार आवडतो. कंट्रोल-टी दाबून टेबल केलं तर हे सगळं फुकटात मिळतं म्हणा, पण त्यात ती मजा नाही.

पट्ट्यांची युक्ती काही एक्सेलची नव्हे. जुन्या, एका दमात अख्खी ओळ छापणाऱ्या लाइन प्रिंटरच्या, दोन्ही कडांना भोकं असलेल्या कागदावर फिकट हिरवे पट्टे छापूनच यायचे. एका ओळीत १३२ अक्षरं. डावीकडच्या नावावरून उजवीकडच्या रकमेपर्यंत जाताना नजर घसरून शेजाऱ्याच्या खात्यात शिरायची, ती पट्ट्यांनी धरून ठेवायची.

रंग मात्र फिकाच हवा. स्क्रीनवर राजबिंडा दिसणारा गडद निळा झेरॉक्सवाल्याकडून काळा होऊन येतो आणि निम्म्या सभासदांची नावं त्यात बुडतात. बहुधा थकबाकीदारांचीच.