पातेलं नंतर, फ्रिज आधी

अमेरिकेत १९७९ पासून घरी, घरच्यापुरती बिअर करायला फेडरल कायद्याची आडकाठी नाही. (महाराष्ट्रात परवान्याशिवाय हा उद्योग करू नका, तो गुन्हा आहे.) इथे न्यू जर्सीत सामान वाढवायची वेळ आली तेव्हा माझा डोळा आधी चकचकीत स्टीलच्या पातेल्यावर होता. मग वही काढली, प्रत्येक घाण्याचा दोष लिहिला आणि त्याच्यासमोर तो कशाने जाईल ते. पातेलं यादीत सगळ्यात खाली गेलं.

वरचा दोष थिनरसारख्या वासाचा. यीस्ट काम करताना स्वतः उष्णता सोडतं. खोली २२ अंशांवर असली तरी पहिल्या तीन दिवसांत फर्मेंटरच्या (बिअर आंबवायच्या भांड्याच्या) आत २६-२७ होतं, आणि वास तिथेच तयार होतो. उपाय म्हणजे जुना फ्रिज आणि दोन सॉकेटचा तापमान नियंत्रक: एकात फ्रिज, दुसऱ्यात हीटिंग बेल्ट, म्हणजे फर्मेंटरला गुंडाळायचा गरम पट्टा. सेन्सर हवेत लोंबकळत ठेवू नका. हवा पटकन गार होते, फ्रिज बंद पडतो, आणि आत १९ लिटर बिअर तापलेलीच राहते. मी तो फर्मेंटरच्या पोटाला टेपने चिकटवतो, वरून फोमचा जाड तुकडा. नियंत्रकावर एल यीस्टला (एल प्रकारच्या बिअरचं यीस्ट) १८ अंश, फरक (तापमान किती हललं की त्याने चालू व्हायचं) अर्धा ते एक अंश, कॉम्प्रेसरची विश्रांती ५ मिनिटं. चौथ्या-पाचव्या दिवशी २० वर सोडायचं, म्हणजे लोण्यासारखी चव यीस्टच निस्तरतं. वायरसाठी फ्रिजच्या भिंतीला भोक पाडू नका, आत गॅसच्या नळ्या असू शकतात. दाराच्या रबरातून वायर आरामात जाते.

बँडेजसारख्या वासाला तर उपकरणच लागलं नाही. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन किंवा क्लोरामाइन हे त्याचं नेहमीचं कारण. एक कॅम्पडेन (सल्फाइटची) गोळी ७५ लिटरला पुरते. घाण्याला अर्धी कुटून टाकली की झालं.

तिसरा नंबर चिलरचा: उकळलेला वर्ट (माल्टचं गोड पाणी, ज्याची पुढे बिअर होते) आतून नळाचं पाणी खेळवून झटपट गार करणारं वेटोळं. १५ मीटर तांब्याची नळी, ३/८ इंची. उकळी संपायच्या १५ मिनिटं आधी पातेल्यात सोडली की निर्जंतुकही होते. होजचा क्लॅम्प मात्र आधी पाणी सोडून तपासा: सांध्यातून ठिबकणारं नळाचं पाणी थेट गार झालेल्या वर्टमध्ये पडतं. जुलैत नळाचंच पाणी कोमट, त्यामुळे वर्ट २८-३० च्या खाली उतरत नाही. मी उरलेलं काम फ्रिजवर सोडतो आणि यीस्ट काही तासांनी घालतो. घाई केली तर थिनर परत हजर.

हॉप्सवाली (कडू, सुवासिक हॉप्स फुलं जास्त घातलेली) बिअर हवा लागून महिन्याभरात तपकिरी, पुठ्ठ्यासारखी व्हायला लागली तर केग, म्हणजे बिअर साठवायचा बंद पिंप, घ्या. केग काठोकाठ सॅनिटायझरने भरायचा, कार्बन डायऑक्साइडने बाहेर ढकलायचा, मग बिअर आत. ४ अंशांवर गॅसचा दाब १२ पीएसआय, आठ-दहा दिवस. ग्लासात नुसता फेस येत असेल तर बहुतेक केगपासून तोटीपर्यंतची नळी आखूड असते; ३/१६ इंची नळी तीन मीटर ठेवा. झाकणावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा, नाहीतर गॅसचा सिलिंडर रातोरात रिकामा.

पातेलं शेवटी. १९ लिटर बिअरसाठी २५-२६ लिटर उकळायचं, म्हणजे ४० लिटरचं पातेलं. स्वयंपाकघरातल्या शेगडीला ते सहसा झेपत नाही, म्हणून प्रोपेनचा बर्नर आलाच. तो अंगणात लावायचा. गॅरेजचं दार उघडं ठेवलं तरी कार्बन मोनॉक्साइड आत साठतो.