कापलेला कर आणि लागू होणारा कर

तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांच्या गप्पांत प्राप्तिकराचा विषय निघाला की आमच्या सोलापुरात एक वाक्य हमखास ऐकू येते : "आपलं उत्पन्न ते केवढं, आपल्याला कसला इन्कम टॅक्स?" त्याच्या पाठोपाठ, बहुधा त्याच माणसाच्या तोंडून, दुसरे वाक्य येते : "आणि टॅक्स तर कॉलेजनंच कापला की, आता वेगळं काय भरायचं?" मी सीएचबीवर, म्हणजे तासागणिक मानधन मिळणाऱ्या याच तासिका तत्त्वावर, सात वर्षे शिकवले आहे. ही दोन्ही वाक्ये मीही खरी मानत होतो आणि त्यापायी एका वर्षाचे हक्काचे पैसे हातचे घालवून बसलो. तसे इतरांचे होऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

प्राप्तिकराच्या हिशेबात काम अर्धवेळ आहे की पूर्णवेळ, याला महत्त्व नाही. १ एप्रिल ते ३१ मार्च या काळात सर्व ठिकाणांहून मिळून किती उत्पन्न झाले, एवढेच पाहिले जाते. सकाळी कॉलेजातील तास, दुपारी घरच्या शिकवण्या, संध्याकाळी नवी पेठेतील एखाद्या दुकानाचे हिशेब लिहिणे आणि बँकेतील ठेवीचे व्याज, असे चार ठिकाणचे थोडे थोडे पैसे असले तरी ते एकाच बेरजेत येतात. प्रत्येक ठिकाणची रक्कम स्वतंत्रपणे मर्यादेच्या आत आहे, म्हणून आपण मोकळे आहोत, असे समजणे चुकीचे आहे.

आता ही मर्यादा. पुष्कळांच्या डोक्यात अजून अडीच लाखांचा आकडा पक्का बसलेला आहे. प्राप्तिकराच्या जुनी आणि नवी अशा दोन प्रणाली आहेत; तो जुन्या प्रणालीतला, साठ वर्षांखालील व्यक्तींसाठीचा आकडा आहे. २०२३-२४ पासून आपण वेगळे काही निवडले नाही तर नवी प्रणालीच लागू होते आणि आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी तिच्यात ४,००,००० रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही. त्यापुढे ८,००,००० पर्यंत ५ टक्के आणि १२,००,००० पर्यंत १० टक्के असे टप्पे आहेत; पण करपात्र उत्पन्न १२,००,००० च्या आत असेल तर कलम ८७ए खालील ६०,००० रुपयांपर्यंतची सूट मिळून नेहमीच्या उत्पन्नावरचा कर शून्यावर येतो. मात्र चार लाख आणि बारा लाख या दोन आकड्यांचा अर्थ वेगळा आहे. उत्पन्न चार लाखांच्या वर गेले की कर शून्य असला तरी विवरणपत्र, म्हणजे वर्षाच्या उत्पन्नाचा हिशेब देणारे रिटर्न, भरावेच लागते. "बारा लाखांपर्यंत काहीच करायचं नाही" हा समज म्हणूनच धोक्याचा आहे.

आमच्यासारख्यांचे खरे नुकसान मात्र चार लाखांच्या आतच होते. कॉलेज आमचे मानधन पगार म्हणून न दाखवता व्यावसायिक शुल्क म्हणून दाखवते आणि त्यातून सरळ १० टक्के कापते. ही कपात सुरू होण्याची वार्षिक मर्यादा पूर्वी ३०,००० रुपये होती, ती १ एप्रिल २०२५ पासून ५०,००० झाली. पण नियमित तास असणाऱ्याला तिचा काही उपयोग होत नाही. कापलेली रक्कम हा शेवटचा कर नसतो. ती आपल्या पॅनवर जमा असलेली आगाऊ रक्कम असते आणि आपल्याला कर लागतच नसेल तर ती पूर्ण परत मिळते, पण विवरणपत्र भरले तरच. २०२१-२२ मध्ये माझे १६,२०० रुपये असे कापले गेले होते. मी विचारले तेव्हा कार्यालयात सांगण्यात आले की, तुमचा कर भरला गेला आहे, तुम्हाला काही करायचे नाही. उशिराचे विवरणपत्र भरण्याची ३१ डिसेंबर २०२२ ही तारीख निघून गेल्यावर मला खरे काय ते कळले. नंतर भरता येणारे अद्ययावत विवरणपत्र परताव्यासाठी चालत नाही. विलंबमाफीचा अर्ज करता येतो, परंतु त्यासाठी सबळ कारण दाखवावे लागते आणि माझ्याजवळ अज्ञानाखेरीज दुसरे कारण नव्हते.

यात मला मनापासून अन्यायकारक वाटणारी गोष्ट अशी की, त्याच वर्गात, त्याच फळ्यासमोर शिकवणाऱ्या पगारी सहकाऱ्याला नव्या प्रणालीत ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट (उत्पन्नातून सरसकट वजा होणारी रक्कम) मिळते आणि मानधनावरच्या माणसाला ती मिळत नाही. कामासाठी झालेला खर्च त्याला वजा करता येतो हे खरे, पण त्याच्या पावत्या जपून ठेवाव्या लागतात. शिवाय हे उत्पन्न असताना 'सहज' हा आयटीआर-१ अर्ज चालत नाही. बँकेत ठेवीच्या व्याजासाठी 'मला कर लागत नाही' असा स्वघोषणेचा अर्ज देऊन कपात टाळता येते, म्हणून तोच अर्ज कॉलेजात देऊ पाहणारे अनेकजण मी पाहिले आहेत. व्यावसायिक शुल्काला तो लागू नाही. पॅन दिला नसेल तर कपात १० ऐवजी २० टक्के होते.

पगारपत्रकावरचा व्यवसाय कर हा राज्याचा, निराळा कर आहे. महाराष्ट्रात पुरुषांना महिना ७,५०० रुपयांच्या पुढे आणि स्त्रियांना २५,००० च्या पुढे तो लागतो. तो परत मिळत नाही.

गेल्या वर्षी एक सहकारी मॅडम सगळे कागद घेऊन आमच्या घरी आल्या. २०२४-२५ चे त्यांचे मानधन २,०७,०००, शिकवण्यांचे ६८,००० आणि ठेवीचे व्याज ११,००० असे एकूण २,८६,००० रुपये उत्पन्न होते. त्या वर्षीची नव्या प्रणालीतील मर्यादा ३,००,००० होती. आम्ही फॉर्म २६एएस, म्हणजे आपल्या पॅनवर जमा झालेला कर दाखवणारे पत्रक, उघडला, तर त्यात जानेवारी ते मार्चची कपातच दिसेना. मानधनाच्या कागदावर पैसे कापलेले होते, पण पॅनसमोर ते जमा नव्हते. कापलेल्या कराचे या तिमाहीचे विवरण कॉलेजने भरण्याची मुदत ३१ मेपर्यंत असते, म्हणून जूनच्या मध्यापर्यंत आम्ही थांबलो. तरीही नोंद न आल्याने मॅडम कार्यालयात तीन वेळा गेल्या, तेव्हा पॅनमधले एक अक्षर चुकल्याचे निघाले आणि कॉलेजकडून दुरुस्तीचे विवरण भरले गेले. ऑगस्टमध्ये मॅडमनी आपले विवरणपत्र भरले आणि काही आठवड्यांनी २०,७०० रुपये खात्यात आले. मे-जूनमध्ये तास नसतात, त्यामुळे मानधनही नसते. परत आलेली रक्कम त्यांच्या जवळजवळ एका महिन्याच्या मानधनाएवढी होती. आता त्या प्रत्येक तिमाहीनंतर आपल्या पॅनवरच्या नोंदी स्वतः उघडून पाहतात आणि काही शंका आली तर मला फोन करतात.